सातव्या कथेचा दुसरा अभिप्राय

नळदुर्ग,
मंगळवार, २४ नोव्हेंबर १९६४

सौ. मथुराबाई यांस,

नमस्कार. आपण व घरची मंडळी ईट गावी खुशाल असाल असे धरून चालते. येथे थंडी पडू लागली आहे. शाळेची सहामाही तपासून झाली. माझा खोकला सोडला तर तक्रार करावी असे काही नाही.

आपले एकोणीस तारखेचे पत्र वाचनालयाचे चिटणीस वसंतराव यांनी माझ्याकडे दिले. कथास्पर्धेची परीक्षक मी, तेव्हा उत्तर देणे माझेच काम आहे. आपण एकच गोष्ट विचारली आहे : "माझी कथा कोणत्या पुस्तकातून घेतली, त्या पुस्तकाचे नाव आणि पान कळवावे." प्रश्न एका ओळीचा असला तरी उत्तर सविस्तर द्यावे लागेल.

स्पर्धेची पद्धत आपल्याला ठाऊक असेल, तरी सांगते. कथेवर नाव नसते, आकडा असतो. परीक्षकाने प्रत्येक कथेवर अभिप्राय लिहायचा, तो दिवाळीनंतरच्या सभेत मोठ्याने वाचला जायचा, आणि मगच नावांची पाकिटे फोडायची. लेखक समोरच बसलेला असतो, पण कोण ते कुणाला कळत नाही. ओळखीपाळखीने बक्षिसे जाऊ नयेत म्हणून ही पद्धत मीच घालून दिली आहे. आपली कथा सातवी. पंधरा तारखेच्या सभेत वसंतरावांनी तिच्यावरचा अभिप्राय वाचला. त्यांना नाटकातला आवाज लावून वाचायची खोड आहे, त्यामुळे दोन ठिकाणी लोक हसले. ते मला आवडले नाही. वाचन संपण्याआधीच बायकांच्या बाजूला खांबाशी बसलेली एक बाई उठून गेली. ती आपण होता, हे पाकीट फोडल्यावर समजले.

आता कथेविषयी. आपण अभिप्राय अर्धाच ऐकला, म्हणून पुन्हा लिहिते.

मुलींची एक शाळा. खेड्यातून शिकायला आलेली रखमा परीक्षेत निबंध लिहिते. मोठ्या बाई तो भर वर्गात वाचून दाखवतात आणि हा चोरलेला आहे असे सांगतात. कोठून चोरला, हे मात्र सांगत नाहीत. पुढे बाप येतो आणि मुलीला घेऊन जातो. बाई खिडकीतून पाहत राहतात, आणि "बाईंना कधीच कळलं नाही" या वाक्यावर कथा संपते.

मी लिहिले होते की प्रसंग असंभाव्य आहे. हातात पुरावा नसताना कोणतीही शिक्षिका मुलीवर असा आरोप करणार नाही. मी पंचवीस वर्षे शिकवते आहे, मला शिक्षिका माहीत आहेत. दुसरे असे की बाईंचे पात्र एकांगी आहे. तिला लाल पेन्सिल आहे, मन नाही. तिलाही काही विवंचना असेल, वर कोणी तपासनीस असेल, वर्गाला शिस्त लावायची असेल, याचा लेखिकेने विचार केलेला नाही. वाईट माणूस रंगवणे सोपे असते. तिसरे, भाषा. ती इतकी घोटीव आहे की नवख्या हाताची वाटत नाही. म्हणून मी शेवटी लिहिले : "लेखन स्वतंत्र आहे किंवा कसे, याची शहानिशा व्हावी."

या वाक्यात मी पुस्तकाचे नाव घेतलेले नाही, शंका घेतली आहे. शंका घेणे हा परीक्षकाचा अधिकार आहे.

वाचनालयाच्या मंडळाने ठरवल्याप्रमाणे आपली कथा वार्षिक अंकासाठी तूर्त थांबवली आहे. वीस डिसेंबरच्या सभेत निर्णय होईल. समाधान झाले नाही तर कथा परत जाईल आणि तसा शेरा इतिवृत्तात राहील. आपण गावच्या शाळेत मुलांना शिकवता असे पत्रावरून दिसते. असा शेरा मागे लागणे आपल्याला परवडणारे नाही, हे मी जाणते. तेव्हा कथेचा कच्चा खर्डा पाठवावा. आपले माहेर कोठले आणि वडिलांचे नाव काय, तेही कळवावे. हे केवळ नियमासाठी.

आपण असेही लिहिले आहे की उत्तर आले नाही तर "दोन्ही वेळा तुमचंच खरं होतं असं समजून वही मिटून ठेवीन." दोन्ही वेळा म्हणजे काय, ते मला समजले नाही. लिहिणाऱ्याने असल्या प्रतिज्ञा करू नयेत. आणि माझी रीत आपल्याला माहीत असावी म्हणून सांगते : एकदा दिलेला शेरा मी बदलत नाही. नियमाप्रमाणे पुरावा आला तर मंडळ विचार करील.

एवढेच लिहायचे होते.

शामला विष्णुपंत धर्माधिकारी
परीक्षक



नळदुर्ग,
रविवार, ६ डिसेंबर १९६४

चि. मथुरा,

मागच्या पत्रात तुला "सौ. मथुराबाई" म्हटलं आणि माहेर विचारलं. तू कोण, ते तेव्हाही मला ठाऊक होतं. म्हणून आज "चि." आणि "तू". आशीर्वाद लिहावेत की नाही, ते पत्र संपेपर्यंत ठरवते.

तुझं कार्ड शुक्रवारी आलं. पाकीट घेतलं नाहीस, कार्ड घेतलंस. वाटेत ज्याला ज्याला अक्षर येतं त्यानं वाचावं म्हणून. पोस्टमननं वाचलं होतं. एरवी तो दारात उभा राहून आपल्या पोरीच्या अभ्यासाचं विचारतो. या वेळी कार्ड उंबऱ्यावर ठेवून गेला. योग्य केलंस.

ते कार्ड दोन दिवस टेबलावर पालथं पडलं आहे, पण मजकूर पाठ झाला : "माहेर जळकोट. वडील गोरोबा. गेल्या वैशाखात वारले. जायच्या आधी त्यांनी मला जवळ बसवून विचारलं, पोरी, आता तरी खरं सांग, केली व्हतीस का? मी न्हाय म्हणाले. त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून हलवली का मला बरं वाटावं म्हणून, ते कळलं नाही. पुस्तकाचं नाव अजून आलं नाही."

पुस्तकाचं नाव नाही, कारण पुस्तकच नाही. आत्ताही नाही आणि त्रेपन्न सालीही नव्हतं. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढं माझा धीर सुटला तरी तुला हवं ते मिळालेलं असेल.

तुझी कथा मी तिसऱ्या पानावर ओळखली. रखमा शाळेत येताना वही छातीशी धरत नाही, सरपणाच्या मोळीसारखी डोक्यावर ठेवते, हात सोडून चालते. अशी एकच मुलगी मी पाहिली आहे. परीक्षकानं लेखक ओळखला तर ती कथा दुसऱ्या परीक्षकाकडं द्यायची, हा नियमही माझाच. मी दिली नाही. शेवटपर्यंत वाचली आणि त्याच बैठकीत अभिप्राय लिहिला. प्रसंग असंभाव्य आहे असं लिहिताना मी कुठं अडले नाही. अक्षर एरवीपेक्षा सुबक आलं होतं.

आता त्रेपन्न साल. तुला जे ठाऊक आहे ते थोडक्यात सांगते. जे ठाऊक नाही त्यासाठी हे पत्र आहे.

सातवीची सहामाही होती आणि निबंधाचा विषय होता, "आमच्या गावावरून जाणारा रस्ता." तू लिहिलंस : "आमच्या गावावरून दिवसाला शंभर गाड्या जातात. एकही थांबत नाही. धूळ तेवढी आमच्याकडं उतरते." मी त्या ओळीखाली लाल पेन्सिलीनं दोन रेघा मारल्या आणि समासात लिहिलं, "कोठून घेतले?" तू वर्गात तोंड उघडलंस की लई, न्हाय, म्या. कागदावर मात्र हे. बोलणं हिचं आणि लिहिणं दुसऱ्या कुणाचं, असं मी ठरवलं. पुण्याला जाऊन बी. ए. झालेल्या बाईचं हे अनुमान. जळकोटच्या मुलीकडं तशी ओळ असू शकते, हे माझ्या शिक्षणात कुठं बसत नव्हतं.

तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "बाई, कंचं पुस्तक ते तरी सांगा की." मुली हसल्या. मी म्हटलं, "ते तुला माहीत."

त्यानंतर मी शोधायला लागले, हे तुला ठाऊक नाही. शाळेचं कपाट, वाचनालयाचं कपाट, माझ्या कॉलेजच्या ट्रंकेतली पुस्तकं. रोज शाळा सुटल्यावर दोन-दोन तास. धूळ उतरते, धूळ उतरते, असं पुटपुटत पानं उलटत होते. दिवाळीपर्यंत काही सापडलं नाही. मी स्वतःला सांगितलं, अजून सगळी पुस्तकं पाहून झालेली नाहीत.

दिवाळीनंतर चिठ्ठी आली. माझ्याकडं स्वयंपाकाला येणारी पार्वतम्मा तुला आठवत असेल, तीच जी तुम्हा मुलींना "बर्री बर्री", या या, म्हणून कानडीत हाका मारायची. तिची थोरली बहीण शांताक्का तुमच्या जळकोटला दिलेली. पार्वतम्माला अक्षर येत नाही. चिठ्ठी आली की ती हात पुसत माझ्यापुढं येऊन बसायची आणि मी वाचायचे. त्या दिवशीही बसली. मी वाचायला लागले :

"पार्वती, तुझ्या गावाहून मोटार रोज येते, तुझी खुशाली मात्र उतरत नाही. आई गेल्यावर माहेर म्हणून तूच उरलीस, आणि तू धाकटी. धाकटीकडं माहेरपणाला कसं यावं, ते मला कुणी शिकवलं नाही."

खाली बारीक अक्षरात लिहिणारीनं आपल्याकडून घातलेलं होतं : "शांतामावशीनं सांगितलं तसं लिहिलं आहे. ती मधी रडली, ते लिहिलं नाही."

ते अक्षर मी महिनाभर रोज पाहत होते. तुझी ओळ कागदावर शेवटाला वर चढते, तशीच ती चढली होती. आणि ते "उतरत नाही." मी तिथं थांबले.

"पार्वतम्मा, ही चिठ्ठी कुणी लिहून दिली?"

"हाय की गोरोबाची पोरगी. आपल्याच साळंत न्हाय का ती? सुट्टीला गेली की आख्ख्या गल्लीच्या चिठ्ठ्या तिच्याकडं. कुणाचा ल्योक सोलापुरात मिलमधी, कुणाची लेक दिली लांब. दहा वर्सांची व्हती तवापासून लिवती."

म्हणजे तुझं पुस्तक ते होतं. ज्यांना लिहिता येत नाही त्या बायकांनी जे सांगितलं, आणि सांगता सांगता जे गिळलं, ते तू चार वर्षं कागदावर उतरवत होतीस. मला कपाटात कसं सापडावं?

मी चिठ्ठीची घडी केली आणि पार्वतम्माला दिली. ती नोव्हेंबरातली गोष्ट. तू संक्रांतीपर्यंत शाळेत होतीस. दोन महिने शेवटच्या बाकावर बसत होतीस, आणि मी तुला एकही प्रश्न विचारला नाही. मुली तुझ्या मागं "पुस्तक, पुस्तक" करतात, हे मला वऱ्हांड्यातून ऐकू येत होतं. मी खडू घेऊन वर्गात शिरले की त्या गप्प व्हायच्या, आणि मी पुढचा धडा काढायचे.

आता ती गोष्ट, जी तुझ्या कथेत नाही. तू ती लिहू शकत नव्हतीस, कारण तू फाटकापाशी पेटी घेऊन उभी होतीस. आत माझ्या खोलीत गोरोबा आणि मी होतो.

ते खुर्चीवर बसले नाहीत. मुंडासं काढून हातात धरलं होतं.

"बाई, पोरगी खायना झालीया. तुमी एकडाव वर्गात सांगा, न्हाय केली म्हनून. म्या हितंच ठिवून जातो तिला."

"एकदा दिलेला शेरा मी बदलत नाही."

"शेरा ऱ्हाऊ द्या की वहीत. वर्गात बी नगं. माझ्याम्होरं तरी सांगा. माझी मला कळू द्या. केली का न्हाय?"

मी म्हटलं, "केली."

मथुरा, तेव्हा मला ठाऊक होतं. चिठ्ठी वाचून दोन महिने झाले होते. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. माझी बेअब्रू होणार नव्हती. एक "न्हाय" म्हणायचं होतं.

त्यांनी मुंडासं डोक्यावर ठेवलं आणि म्हणाले, "तुमी शिकलेल्या. तुमचं कसं चुकंल? नेतो मग. चोर म्हनून शिकन्यापरीस अडाणी बरी." आणि माझ्या पायाला हात लावायला वाकले. मी पाय मागं घेतले नाहीत.

म्हणून त्यांनी शेवटपर्यंत तुला विचारलं. तुझ्यावर विश्वास नव्हता असं नाही. शिकलेल्या बाईनं तोंडावर सांगितलं होतं.

मी हे का केलं, ते सांगायला बसले तर समर्थन होईल. तरी कोऱ्या जागेत शेवटी काहीतरी भरावं लागतंच, म्हणून थोडं लिहिते. कॉलेजात असताना मी कथा लिहीत होते. चार ठिकाणी पाठवल्या, चारही परत आल्या. जे चार कथांत मला जमलं नव्हतं ते चौदा वर्षांच्या मुलीनं धुळीच्या एका ओळीत केलं होतं. आणि एकदा चोर म्हटल्यावर परत फिरायचं म्हणजे वर्गापुढं हे कबूल करायचं. यंदा तुझी कथा हातात आली तेव्हाही तेच. वय तेवढं वाढलं. यापुढं याविषयी विचारू नकोस.

काल पार्वतम्माला मी ती चिठ्ठी मागितली. शांताक्का जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हा चिठ्ठी असेलच याची खात्री नव्हती. तिनं पत्र्याची पेटी उघडली, लुगड्याच्या घडीतून कागद काढला आणि माझ्या हातात न देता विचारलं, "कशाला पायजे?" मी सांगितलं. सगळं सांगितलं. तिला राग येईल असं वाटलं होतं.

ती म्हणाली, "मला ठावं व्हतं बाई. वाचताना तुमचा आवाज मधीच थांबला व्हता. म्या म्हटलं अक्काला काय झालं का काय. मग तुमी पुढं वाचलं. अक्का तर बरी हाय. मग बाईलाच काय तरी झालं असंल."

अकरा वर्षं ती माझ्या घरात भाकरी थापते आहे आणि हे तिला ठाऊक आहे. "मग विचारलं का नाही?" म्हटलं, तर म्हणाली, "तुमाला कोन इचारनार?"

चिठ्ठी दिली, पण बजावून दिली : "वाचून झाली की परत द्या. अक्का आता त्यातच हाय."

सोबत दुसऱ्या अभिप्रायाची नक्कल आहे. तीन फाडले, हा चौथा. वीस तारखेच्या सभेत मी तो वाचणार आहे :

"कथा क्रमांक सात. पहिला अभिप्राय मी मागे घेते. प्रसंग खरा आहे, त्यात मी होते. भाषा लेखिकेची स्वतःची आहे. ती तिला कुठून मिळाली, याचा पुरावा म्हणून तिनं वयाच्या चौदाव्या वर्षी दुसऱ्यासाठी लिहिलेलं एक पत्र सोबत ठेवते. कथेची बांधणी चांगली आहे. वर्गातला प्रसंग कुठंही ओरडत नाही. बापाच्या तोंडी तीनच वाक्यं आहेत आणि ती पुरतात. बाईंचं पात्र एकांगी आहे, हा आक्षेप मात्र मी कायम ठेवते. लेखिकेनं तिला आहे त्यापेक्षा चांगली दाखवली आहे. सबंध कथेत एकच वाक्य असत्य आहे, आणि ते शेवटचं आहे. बाईंना कळलं होतं."

तू सभेला ये, असं मी म्हणत नाही. वही मिटू नकोस, असंही सांगत नाही. तुला काही सांगायचा अधिकार मी गोरोबांसमोर घालवला. हे सभेत वाचलं जाऊ नये असं तुला वाटत असेल तर मात्र वीस तारखेच्या आत कळव. गोष्ट तुझीही आहे आणि तुझ्या वडिलांची.

आशीर्वाद लिहीत नाही. ते द्यायला काही जवळ असावं लागतं.

शामला धर्माधिकारी



नळदुर्ग,
सोमवार, २१ डिसेंबर १९६४

मथुरा,

काल सभा झाली. तुझ्या यजमानांनी, उत्तरेश्वररावांनी, तुला सांगितलं असेलच, पण ते मागं बसले होते आणि सभा सुरू होण्याआधी काय झालं ते त्यांना ठाऊक नाही. म्हणून लिहिते. येथील थंडी वाढली आहे. खोकला आहे तसाच आहे.

अध्यक्ष आण्णासाहेबांनी मला आधीच आतल्या खोलीत बोलावलं. कागद मी मंडळाला अगोदर दाखवला होता. ते म्हणाले, "बाई, हे माझ्याकडं द्या. परीक्षकांच्या नजरचुकीनं असं झालं, कथा अंकात घेत आहोत, असा ठराव करून मोकळं होऊ. पोरीचं काम झालं, तुमचंबी राहिलं. चव्हाट्यावर कशाला?"

मी म्हटलं, "नजर चुकली नव्हती, आण्णासाहेब. नजरेनं बरोबर पाहिलं होतं."

"तुमच्या नोकरीचं काय? अजून चार वर्षं हैत."

मला ते माहीत होतं. खरं सांगते, कागद त्यांच्या हातात द्यावा असं वाटलं. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. मग लक्षात आलं की अशाच एका खोलीत, तिसरं कुणी नसताना, मला एकदा विचारलं गेलं होतं. मी बाहेर आले.

वसंतराव वाचायला पुढं झाले होते. त्यांना म्हटलं, "तुम्ही बसा. तुम्ही आवाज लावता."

खांबाजवळची जागा रिकामी होती. मी तिकडं पाहून वाचलं. "शेवटचं वाक्य असत्य आहे" इथपर्यंत व्यवस्थित गेलं. "बाईंना कळलं होतं" याला आवाज थांबला. पार्वतम्मा पहिल्या ओळीत बसली होती. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "थांबला बगा परत. वाचा बाई, वाचा." मी वाचलं.

मग मागून एकानं विचारलं, "बाई, मग आमची पोरगी दोनदा नापास केली ते तरी खरं का?" लोक हसले. मी म्हटलं, "ते खरं होतं. वही घेऊन या, दाखवते." पुन्हा हसले, पण त्याला माझं पटलं नाही हे दिसत होतं. आता बरेच जण वह्या घेऊन येतील. येऊ देत. मी तपासलेल्या वह्या मी पुन्हा तपासीन.

मी खाली उतरणार होते. पण कागदात एक गोष्ट राहिली होती. ती लिहिता येत नव्हती, म्हणून नुसतीच बोलले. म्हटलं, "जळकोटचे गोरोबा यांनी मला एक प्रश्न विचारला होता, केली का न्हाय? त्यांना मी खोटं सांगितलं. ते आता नाहीत. तुम्ही सगळे त्यांच्या ठिकाणी आहात असं समजून सांगते. न्हाय केली." मराठी शिकवायला लागल्यापासून हा शब्द मी मुलींच्या वह्यांत लाल पेन्सिलीनं खोडत आले आहे. काल तोच लागला. "नाही केली" म्हटलं असतं तर ते त्यांना उत्तर झालं नसतं.

कथा अंकात छापायची, असा ठराव झाला. सोबत दुसरा अभिप्रायही छापायचा, यावर आण्णासाहेब अडले. "एवढं नको" म्हणत राहिले. मी म्हटलं, पहिला भर सभेत वाचला गेला आहे, दुसरा छापलाच पाहिजे, नाहीतर दोन्ही सभांचं इतिवृत्त मी स्वतः लिहून वाचनालयाच्या दारावर लावते. शेवटी मान्य झालं. पुढच्या वर्षापासून परीक्षक दुसरा पाहावा, हेही मीच सुचवलं. शाळेच्या मंडळाकडून आज सकाळी लेखी खुलासा मागणारं पत्र आलं. त्याला उत्तर म्हणून याच अभिप्रायाची नक्कल देणार आहे. पुढं काय करायचं ते त्यांनी ठरवावं.

सभा पांगल्यावर एक गृहस्थ टोपी काढून पुढं आले.

"मी उत्तरेश्वर. ईटहून आलोय."

मी विचारलं, "मथुरा नाही आली?"

"नाही. ती म्हणाली, त्या खांबाशी मी दुसऱ्यांदा बसणार नाही. तुम्ही जा. पण ऐकून येऊ नका, कागद घेऊन या. सहीचा."

सही करून दिला. शांताक्काची चिठ्ठीही त्यांना दाखवली, दिली नाही. ती पार्वतम्माची आहे. त्यांनी ती उभ्यानंच दोनदा वाचली आणि म्हणाले, "ती रडली ते लिहिलं नाही. अजून अशीच आहे बघा." मग जाताना थांबले. "आणखी एक निरोप आहे. शेवटचं वाक्य बदलायचं का तसंच ठेवायचं, ते कागद वाचून मी ठरवीन, बाईंनी त्याला हात लावू नये."

हात लावणार नाही. कथा छापायला पौषात जाईल, तोवर वेळ आहे. वाक्य तसंच ठेवलंस तर तुझ्या कथेतल्या बाई अजाण राहतील, आणि वाचणाऱ्याला त्यांची थोडी दया येईल. तशी ठेवायची तर तो लेखिकेचा हक्क आहे. मला विचारशील तर ती दया काढून टाक. पण विचारू नकोस.

अंक आला की एक प्रत गोरोबांच्या नावे जळकोटला पाठवणार आहे. ती तुझ्या भावानं घरात मोठ्यानं वाचावी.

तुझं ते शेवटचं वाक्य छापून येईपर्यंत माझी सही त्याच्या विरुद्ध, अशी राहील :

जिला कळलं होतं, ती
शामला